कम्युनिटीतून आलेला माणूस

समस्त वाचकांस, विशेषतः ज्यांचा धंदा एखाद्या कॉम्प्युटरच्या पोटात साठवलेला आहे अशा सर्व सज्जनांस, अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, आपल्या दारी कधी चप्पल बाहेर काढून ठेवणारा, चहाला नको म्हणणारा माणूस आला आणि "कम्युनिटीतून आलोय" असं म्हणाला, तर घाबरू नये. त्याला आत घ्यावे. आणि मला फोन करावा. ताबडतोब!

झाली घोषणा. आता सांगतो.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. चौकात कोणी उतरवून टाकलेलं लिंबू दिसलं तर मला सरबत आठवतं. या सदरातले भुताटकीचे अनुभव मी जेवताना वाचतो आणि बायकोला हसत हसत ऐकवतो. त्यामुळे आज मलाच इथे लिहायला बसलेलं बघून ती स्वयंपाकघरातून जे काही म्हणाली, ते छापण्यासारखं नाही...

नाशिकला द्वारका चौकात एका ट्रान्सपोर्टवाल्याच्या माडीवर आमचं ऑफिस आहे. आमचं म्हणजे माझं आणि अनिल देवरेचं. देवरे मूळचा सटाण्याचा, कॉलेजपासूनचा मित्र, धंद्यात अर्धा भागीदार. एरवी माझ्यापेक्षा शुद्ध बोलतो, पण दचकला की त्याची अहिराणी बाहेर पडते.

आम्ही लोकांचे डेटाबेस सांभाळतो. कोणाचा माल किती आला, कोणत्या गाडीत गेला, हे सगळं ज्या सॉफ्टवेअरमध्ये साठतं, ते. आम्ही बसवतो ते ओपन सोर्स, म्हणजे फुकट. कोणीही घ्यावं, उघडून बघावं, हवं तर बदलावं. मग आमचं पोट कशावर? सेवेवर. मिसळीची कृती सगळ्यांना ठाऊक असते, तरी रविवारी लोक रांगा लावतातच ना? कृती फुकट, आचारी पगारी. आम्ही आचारी.

पण गिऱ्हाईकाला फुकट या शब्दाचा फार संशय. लासलगावचे नंदूशेठ, कांद्याचे मोठे व्यापारी, त्यांनी पहिल्याच भेटीत विचारलं होतं, "फुकट हाय म्हणता, मग बिघडल्यावर गचांडी कोनाची धरायची?"

मी खुर्चीतून उठलो होतो, दोन्ही हात पसरले होते आणि म्हणालो होतो, "शेठ, याच्यामागे कम्युनिटी आहे! जगभरची माणसं! तुम्हाला अडचण आली की कम्युनिटी धावून येते!"

हे वाक्य मी प्रत्येक गिऱ्हाइकाकडे म्हणतो. हातवाऱ्यांसकट. खोटं नाही ते. इंटरनेटवरच्या फोरमवर खरंच अनोळखी लोक एकमेकांना फुकट उत्तरं देतात. फक्त खुर्चीतून उठून कोणी येत नाही... असं मी समजत होतो.

करार नवा करायची वेळ आली तेव्हा नंदूशेठचा फोन आला. आवाज गोड. हा माणूस आवाज गोड करतो तेव्हा खिसा सांभाळावा लागतो.

"साहेब, तुमचा तो कम्युनिटीवाला येऊन गेला. लय भारी मानूस. काम करून गेला, चहापन घेतला नाय, पैशे तर नायच नाय. मंग आता आपला करार कशाला करायचा?"

मी म्हटलं, "कोण येऊन गेला?"

"तुमीच धाडला ना? कम्युनिटीतून आलोय म्हनला. अडगळीतला जुना कॉम्प्युटर मागून घेतला, टेबलाखाली लावून दिला, राहू द्या म्हनला. आन गेला."

मी फोन ठेवला. डोक्यात पहिला विचार आला तो चोराचा. दुसरा त्याहून वाईट, प्रतिस्पर्ध्याचा.

आठवड्याभरात हरसूलहून सुनंदाताई भोये यांचा निरोप. तिथल्या शेतकऱ्यांची भात-नागलीची कंपनी आहे, ताई तिच्या व्यवस्थापक. "सर, तुमचे ते कम्युनिटीचे भाऊ येऊन गेले. आमच्या बोलीत बोलले हो! आमच्याकडचेच आहेत का?" तिथेही तेच. जुना कॉम्प्युटर, टेबलाखाली. पैसे नाहीत, चहा नाही.

नाशिकमध्ये आमच्यासारख्या डेटाबेसवाल्यांचा एक ग्रुप आहे, महिन्यातून एकदा मिसळीवर जमतो. मी रश्शात पाव बुडवत सगळ्यांच्या तोंडाकडे बघत विचारलं, "लासलगावला, हरसूलला तुमच्यापैकी कोण गेलं होतं? फुकट काम करायला?"

"हरसूलला? फुकट?" जोशी म्हणाला. "अरे, मी बायकोचा लॅपटॉप फुकट बघत नाही!"

"मला तर वास वेगळाच येतोय," दुसरा म्हणाला. "ती पैसेवाली आवृत्ती विकणारी मंडळी असणार. हेच फुकटचं सॉफ्टवेअर घेतात, वर चार सोयी चढवतात, कुलूप लावतात आणि वर्षाला भाडं घेतात. आधी गोड बोलून घुसायचं, मग गिऱ्हाईक अडकवायचं."

मला पटलं. मी ठिकठिकाणी फोन करून सांगितलं, खबरदार, कोणाला मशीनला हात लावू देऊ नका. पण त्याच संध्याकाळी घरी येताना सिग्नलला थांबलो आणि एकदम सुचलं: तो मशीनमध्ये शिरला कसा? पासवर्ड लागतो. आणि पासवर्ड जगात दोघांनाच ठाऊक. एक मी...

देवरे!

झालं. त्या दिवसापासून माझा मीच गुप्तहेर. देवरे ऑफिसात आला की मी त्याच्या बुटांना हरसूलची लाल माती लागली आहे का ते बघायचो. तो फोन घेऊन जिन्यात गेला की मी दाराआड. आणि गंमत म्हणजे, तोही माझ्याशी नीट बोलेना. "शनिवारी कुठे होतास रे?" असं सहज म्हणून विचारायचा आणि उत्तर ऐकताना डोळे बारीक करायचा. मला वाटलं, बघा, चोराच्या मनात चांदणं! हा मला सोडून स्वतःची कंपनी काढणार, गिऱ्हाइकं आधीच फोडून ठेवतोय. इतक्या वर्षांची दोस्ती, एका डब्यात जेवलेलो आम्ही, आणि मी मनातल्या मनात वाटणीची भाषा करायला लागलो होतो. वकिलाचा नंबरसुद्धा काढून ठेवला होता.

शेवटी मी सापळा लावला. हरसूलला एकटा गेलो, तिथला पासवर्ड बदलला आणि कोणाला म्हणजे कोणालाही सांगितला नाही. सुनंदाताईंना म्हटलं, "तो माणूस पुन्हा आला तर त्याला बसवून ठेवा आणि तिथूनच मला फोन लावा." दुसऱ्या दिवशी नंदूशेठकडे कराराची बोलणी होती. देवरेला गाडीत घातलं. म्हटलं, आज हा दिवसभर माझ्या नजरेसमोर. तरीही तो माणूस कुठे उगवला, तर देवरे सुटला. नाही उगवला, तर...

लासलगावात लिलाव ऐन रंगात होते. ट्रॅक्टरांच्या रांगा, हवेत कांद्याचा वास, नंदूशेठ गादीवर लोडाला टेकून. आम्ही बसलो. शेठनी तोंडात पान टाकलं आणि सुरुवातच केली, "तर साहेब, तुमचा मानूस फुकट येतो..."

तेवढ्यात कोपऱ्यातल्या टेबलावरून मुनीम ओरडला. मशीन बंद पडलं होतं. सकाळपासूनची सगळी वजनं, कोणाचा कांदा कोणत्या ट्रकात, सगळं त्यात. बाहेर माणसं खोळंबलेली.

मी रुबाबात उठलो. "काळजी नको शेठ, आमचा बॅकअप रोज होतो."

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. बॅकअप सगळे घेतात. रोज हिरव्या अक्षरात "यशस्वी" असं येतं, आणि सगळे खूश असतात. पण त्यातून डेटा परत निघतो का, हे काढून बघायला कोणाला वेळ नसतो. देवरेने डिस्क लावली, फाइल उघडली. उघडेना. आदल्या दिवसाची, उघडेना. त्याच्या आधीची, नाही. देवरेचा चेहरा पांढरा पडला. माझाही पडला असणार. नंदूशेठ पान चावायचे थांबले.

"ते टेबलाखालचं बघा की," मुनीम म्हणाला.

आम्ही दोघं वाकलो. जुना, धुळीने माखलेला डबा, पण चालू. त्याला स्क्रीन लावला. सगळा डेटाबेस तिथे उघडा. पहिल्या दिवसापासून अगदी मशीन बंद पडण्याआधी वजन झालेल्या शेवटच्या ट्रॅक्टरपर्यंत. तो माणूस आमच्या बॅकअपवर न विसंबता स्वतः डेटा काढून, चालवून बघून, जिवंत प्रत ठेवून गेला होता. जे काम आम्ही सगळे सांगतो आणि कोणी करत नाही, ते.

बाहेरची रांग पुढे सरकली. मी हुश्श करणार, तेवढ्यात देवरेने माझं मनगट धरलं. "ही वायर बघ."

"कुठली वायर?"

"तेच म्हणतोय. कुठली?"

त्या डब्याला फक्त विजेची वायर होती. नेटवर्कची नव्हती. खोलून बघितलं, वायफायचं कार्डही नाही. मग आजची वजनं त्यात आली कुठून?

आणि माझा फोन वाजला. हरसूल. सुनंदाताई.

"सर, ते भाऊ आलेत. मशीनवर बसलेत. देऊ का?"

काल बदललेला पासवर्ड! मी देवरेकडे बघितलं. देवरे माझ्या शेजारी, हात धुळीने भरलेले. जिल्ह्याच्या एका टोकाला आम्ही, दुसऱ्या टोकाला तो. मी फोन स्पीकरवर टाकला.

"कोण बोलतंय?"

"कम्युनिटीतून बोलतोय." शांत आवाज. घाई नाही.

"कोणी पाठवलं तुम्हाला?"

तो जरासा हसला. "तुम्हीच सांगता ना सगळ्यांना, अडचण आली की कम्युनिटी धावून येते. म्हणून आलो. बॅकअप काढून बघत जा हो अधूनमधून." आणि फोन ताईंकडे दिला. त्या म्हणाल्या, चप्पल घातली आणि गेले, आज आठवडे बाजार आहे, गर्दीत मिसळले. मी म्हटलं, अडवा. त्या म्हणाल्या, अडवू कशाला, चांगला माणूस आहे.

आता जे लिहितो ते शपथेवर लिहितो. तो आवाज देवरेचा होता. मी तो आवाज झोपेतही ओळखेन. आणि देवरे माझ्या शेजारी तोंड मिटून बसला होता.

मी हळूच त्याच्याकडे वळलो, तर तो माझ्याकडेच बघत होता. घाम फुटलेला.

"भो," तो म्हणाला, "हाऊ तुना आवाज शे!"

म्हणजे त्याला माझा ऐकू आला, मला त्याचा. मग सगळं बाहेर आलं. तोही इतके दिवस माझ्यावरच पाळत ठेवून होता. मी फुकट कामं करून गिऱ्हाइकं स्वतःकडे ओढतोय, असं त्याला वाटत होतं. त्याने तर वकिलाची भेटही ठरवली होती! आम्ही दोघं त्या कांद्याच्या वासात, धुळीत बसून वेड्यासारखे हसलो. पण हसताना मी त्याचा हात सोडला नाही, त्यानेही माझा.

आजही आम्ही एकत्र आहोत. वकिलाचा नंबर पुसला. गिऱ्हाइकांकडे जाऊन बॅकअप काढून बघतो. तो माणूस पुन्हा कुठे आल्याचं कळलं नाही. हरसूलच्या मशीनची नोंद तपासली, त्यात त्या वेळी माझ्या नावाने कोणीतरी शिरलं होतं, एवढंच. ग्रुपमधल्या हुशार मंडळींनी बऱ्याच शक्यता सांगितल्या. एकही मला पटली नाही, आणि खरं सांगायचं तर त्यांनाही पटली नव्हती. ते वाक्य मात्र हल्ली मी गिऱ्हाइकाला हात न पसरता, जरा बेतानेच सांगतो.

त्या दिवशी फोन बंद झाल्यावर, आम्ही दोघं एकमेकांचे हात धरून बसलेलो असताना, नंदूशेठ कितीतरी वेळ आमच्याकडे टक लावून बघत होते. मग त्यांनी पान थुंकलं, गादीवर जरा मागे सरकले आणि म्हणाले,

"आवाज हितं येऊन गेलेल्या त्या मानसाचाच व्हता, मी वळखला. पन तो जर कम्युनिटीवाला आसंल... तर मंग तुमी दोघं कोन?"