वाचून पाहिला आणि अंगठा केला

पोलिसांनी मला मारलं, त्याचा राग आहेच. पण त्याहून मोठा राग एका कागदाचा. त्यावर लिहिलं होतं की मी स्वखुशीने ठाण्यात आलो, मला कुणी त्रास दिला नाही आणि माझी कुणाविरुद्ध काही तक्रार नाही. खाली माझं नाव आणि नावापुढं अंगठा. तो कागद खरा ठरला असता तर मी मरेपर्यंत बोंबललो असतो आणि कुणी ऐकलं नसतं. म्हणून तो खोटा पाडायचा, एवढंच काम मी दीड वर्ष केलं.

माझी शाळा दुसरीपर्यंत. आकुर्डीकडं एका फाउंड्रीत लागलो तेव्हा हजेरीबुकावर अंगठा करायचो. तिथला टाइमकीपर तोंडाकडं न बघता शाईचं पॅड पायताण सरकवल्यासारखं पुढं सरकवायचा. माझ्या शेजारी काम करणाऱ्या एका सोबत्याला ते सहन झालं नाही. जेवणाच्या सुट्टीत तो साच्याची काळी वाळू फळीनं सपाट करायचा आणि बोटानं माझं नाव लिहायचा. मी गिरवायचो, तो पुसायचा. दोन महिन्यांत सही आली. वाकडी होती, पण माझी होती. तेव्हापासून बँकेत, मुलीच्या शाळेत, गॅसवाल्याकडं, कुठंही मी अंगठा केला नाही. पुढं पेपरही वाचायला लागलो. बोट ठेवून वाचतो, वेळ लागतो, पण एक शब्द सोडत नाही.

रिटायर झाल्यावर घरात बसवेना. चाकणला एका लहान वर्कशॉपवर दिवसपाळीचा वॉचमन झालो. एका सोमवारी तिथं तांब्याच्या केबलचं भेंडोळं जागेवर दिसेना. आदल्या दिवशी मला सुट्टी होती, पण ते विचारतो कोण? मालकानं फोन केला, गाडी आली. हवालदार म्हणाला, "चला बाबा, साहेबांनी बोलावलंय. पाच मिनिटांचं काम."

ती पाच मिनिटं सकाळी नऊला सुरू झाली आणि संध्याकाळी सहाला संपली.

फौजदार माझ्या थोरल्या मुलीच्या वयाचा असेल. म्हणाला, "केबल कुठं विकली?"

"साहेब, काल माझी सुट्टी व्हती. हजेरीबुक मागवा, त्यात हाय."

"मला तपास शिकवतो का रे थेरड्या?" आणि कानाखाली दिली. वय वर्षं एकाहत्तर. चष्मा कपाटाखाली गेला. एवढ्या वर्षांत फाउंड्रीतल्या कुठल्या फोरमनची माझ्यावर हात उचलायची छाती झाली नव्हती. घरी फोन करतो म्हणालो तर म्हणे, "जावई आहेस का आमचा?" सबंध दिवस बाकावर बसवून ठेवलं. पाणी मी मागितलं नाही. त्यांच्या हातचं पाणी मला नको होतं.

पाचच्या पुढं मालकाचा फोन आला. केबल सापडली. सुपरवायझरनं शनिवारीच ती दुसऱ्या शेडमध्ये हलवली होती आणि सांगायला विसरला. मला वाटलं, आता निदान 'चुकलं बाबा' तरी म्हणतील. कसलं काय! टायपिंग करणाऱ्या शिपायानं कागद पुढं केला. "हं, सही करा आणि निघा."

"वाचून करीन. आधी चष्मा द्या."

"वाचून?" शिपाई हवालदाराकडं बघून हसला. "आजोबा, हायकोर्टात जायचंय का?"

चष्मा शोधून घातला, बोट ठेवून वाचायला लागलो. 'स्वखुशीने' या शब्दावर बोट थांबलं. म्हणालो, "हे खोटं हाय. मी सही करणार न्हाई."

मग हवालदारानं मनगट धरलं, शिपायानं माझा अंगठा शाईत दाबला आणि कागदावर दाबला. मारलं त्याच्यापेक्षा हे जास्त लागलं.

घरी आलो तर बायकोनं तोंडाकडं बघितलं आणि चप्पल घातली. "राग मागनं करा. आधी दवाखान्यात चला." मी नको म्हणत होतो. तिनं ऐकलं नाही, ते बरं झालं. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं कानामागची सूज केसपेपरवर लिहिली आणि तारीख, वेळ टाकली. मार लागला तर त्याच दिवशी डॉक्टरला दाखवावं, हे मला त्या दिवशी बायकोनं शिकवलं.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात तक्रार द्यायला गेलो. मोठ्या साहेबानं फाइल उघडली, मिटली. "तुमची तर काही तक्रारच नाही. तुम्हीच लिहून दिलंय."

"मी दिलं न्हाई. माझा अंगठा धरून घेतलाय."

"अंगठा तुमचाच ना? मग झालं."

बागेत आम्ही म्हातारे बसतो, तिथंही सगळ्यांचं एकच. "सोडा राव. पोलिसाशी कुणी लागतं का?" या लोकांचा मला फौजदाराएवढाच राग आला. मोर्च्यात घसा फोडणारी माणसं, आणि शेजाऱ्याच्या कानाखाली बसली की सोडा राव!

कोर्टाच्या आवारात सरकारी मोफत वकील मिळतो, असं मुलीनं सांगितलं. मी म्हणालो, फुकटाचं मला नको. तरी गेलो. तिथं एक तरुण वकीलबाई होत्या. माझं फुकटाचं म्हणणं त्यांच्यापुढंही बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, "काका, रस्त्यावरच्या दिव्याच्या उजेडात चालताना कधी फुकट म्हणता का? बसा." मी बसलो.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुम्हाला चोर म्हणून नेलं असेल तर अटकेचा कागद पाहिजे आणि घरी कळवायला पाहिजे. नुसतं साक्षीदार म्हणून नेलं असेल, तर साठीच्या पुढच्या माणसाला ठाण्यात या म्हणताच येत नाही. त्यांनी तुमच्या घरी यायचं. कुठल्याही बाजूनं धरा, चूक त्यांचीच."

हे मला एकाहत्तराव्या वर्षी कळतं! हजेरी, ओव्हरटाइम, बोनस, सगळ्याचे कायदे आम्हाला तोंडपाठ. पोलिसाच्या गाडीत बसायचं की नाही, याचा कायदा कुणी सांगितला नाही.

बाईंनी रस्ता आखून दिला. पहिला अर्ज पोलीस आयुक्तांकडं, त्याची शिक्का मारलेली पोच घ्यायची. त्यातच लिहायचं की त्या दिवसाचं ठाण्यातलं कॅमेऱ्याचं चित्रण जपून ठेवा, नाहीतर ते पुसलं जातं. दुसरा अर्ज माहितीच्या अधिकारात, त्या कागदाची आणि स्टेशन डायरीची नक्कल मागायला. तिथं दाद लागली नाही तर पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारं प्राधिकरण आहे, मानवी हक्क आयोग आहे. आणि कुणी काही म्हणो, मॅजिस्ट्रेटपुढं स्वतः फिर्याद करता येते. "पण काका," त्या म्हणाल्या, "सगळीकडं ते तुमचा अंगठाच पुढं करतील. आधी त्याचं काय ते बघू."

आयुक्तांकडून 'चौकशी चालू आहे' एवढंच आलं. महिनाभरानं कागदाची नक्कल मात्र हातात पडली. बाईंनी ती भराभर वाचली आणि त्यांचा चेहरा उतरला. "पक्का बनवलाय कागद. काही सोडलं नाही."

मी म्हणालो, "जरा मला द्या." बोट ठेवून सुरुवात केली. बाई घड्याळ बघत होत्या. अगदी शेवटच्या ओळीला पोचलो. 'माझा जबाब मी वाचून पाहिला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.'

"म्याडम, अंगठेवाल्या माणसाच्या जबाबात असंच लिहितात का?"

"नाही. त्याला वाचता येत नाही ना. 'वाचून दाखविला' असं लिहितात."

"मग हा वाचून बघणारा माणूस अंगठा कशापायी करतोय?"

बाईंनी कागद माझ्या हातातून ओढून घेतला. पुन्हा वाचला. मग अशा हसल्या की पलीकडच्या टेबलावरचे वकील वळून बघायला लागले. "काका, ही ओळ आम्ही कुणी वाचतच नाही हो. प्रत्येक जबाबाखाली असतेच." शिकलेल्या माणसांचं हे असं असतं. सवयीचं दिसलं की पुढं जातात.

प्राधिकरणापुढं सुनावणी झाली. फौजदार इस्त्रीच्या कपड्यात आला होता. माझ्याकडं बोट करून म्हणाला, "हे अशिक्षित आहेत सर, म्हणून अंगठा घेतला."

समोरच्या साहेबांनी विचारलं, "अशिक्षित आहेत, तर यांनी वाचून कसा पाहिला?"

फौजदार गडबडला. "तो तयार मजकूर असतो सर. कॉम्प्युटरवर आहे. सगळ्यांना तोच निघतो."

सगळ्यांना तोच! माझ्या अंगाचा भडका उडाला. म्हणजे मी ठाण्यात जायच्या आधीच माझी स्वखुशी छापून तयार होती. चाकणच्या शेडमध्ये राबणाऱ्या आणखी किती जणांचे अंगठे या ओळीखाली पडलेत, ते कोण मोजणार? बाईंनी माझ्या तीस वर्षांच्या सह्या पुढं ठेवल्या. बँकेचं पासबुक, मुलीचं प्रगतिपुस्तक, युनियनची पावती. कॅमेऱ्याचं विचारलं, तर तो नेमका त्या दिवशी बंद होता म्हणे.

निकाल आला. तो कागद ग्राह्य धरता येणार नाही, साठीपुढच्या माणसाला ठाण्यात नेऊन बसवणं बेकायदा होतं, फौजदाराची खात्यामार्फत चौकशी करावी अशी शिफारस. आणि मारहाणीबद्दल? चित्रण नाही, म्हणून ठाम सांगता येत नाही.

बाहेरच्या व्हरांड्यात फौजदार जवळ आला. "बाबा, झालं ना मनासारखं? आता कोर्टबिर्ट नका करू. चला, चहा घेऊ."

"साहेब, कागद खोटा व्हता ते ठरलं. हात खरा व्हता, ते ठरायचंय अजून."

"किती वर्षं जातील माहितीये का?"

"तुमची जातील. माझी जाऊन झाली."

घरी बायको म्हणाली, "पुरे की आता. जिंकलात न्हवं?" मी म्हणालो, अर्धं. तिनं ट्रंक उघडली आणि दवाखान्याचा तो केसपेपर काढून माझ्यापुढं ठेवला.

पुढच्या आठवड्यात बाईंबरोबर मॅजिस्ट्रेटच्या कोर्टात फिर्याद घातली. खिडकीतल्या कारकुनानं रजिस्टर उघडून 'फिर्यादी' या रकान्यात माझं नाव लिहिलं. मी वाकून बघितलं. आडनावातली वेलांटी चुकली होती. मागं रांग होती, कारकून म्हणाला, "चालतं हो आजोबा." मी म्हणालो, चालत न्हाई. आणि त्यानं वेलांटी दुरुस्त करेपर्यंत मी खिडकी सोडली नाही.