रक्ताचा माग

आज सकाळी विहिरीजवळच्या डोणीवर एक भेकर पाणी प्यायला आलं. त्याचा मागचा पाय नुसता लोंबत होता आणि जखमेवर माशा बसल्या होत्या. मला बघूनही ते पळालं नाही.

हे काम शेजारच्या वसंताचं. तो काडतुसं घरीच भरतो आणि बंदुकीची दारू घालताना हात आखडतो, म्हणून त्याची गोळी जीव घेत नाही, नुसती फाडते. मी तडक त्याच्या पडवीत गेलो.

"काका, मी डुकरावर झाडली होती. काही लागलं असं वाटलंच नाही."

"बघायला गेला होतास काय? रक्ताचा माग काढायचा सोडून घरी येऊन झोपलास, मेल्या!"

काडतुसं आम्हीही हातानंच भरली. पण जनावर जखमी झालं तर ते सापडेपर्यंत रान सोडलं नाही. आमची ही दारातच विचारायची, "हालातून सुटलं ना ते? नाहीतर परत जा."

आणि तिलाच देवानं सबंध पावसाळा खाटेवर तळमळत ठेवलं. मी शिकलेला नाही, देवाशी कसं बोलतात ते मला ठाऊक नाही. पण त्यानंही हेच केलं. गोळी घातली आणि बघायला फिरकला नाही.

त्याला मी कुठं गाठू? वसंता समोर होता.

"ऊठ, बंदूक घे. ते अजून तिथंच उभं आहे."

"चहा तरी पिऊ द्या, काका."

मी त्याच्या हातातला कप घेतला आणि अंगणात ओतला.