चामड्याखालचा नंबर

धुळ्यात घड्याळं आणि चष्मे दुरुस्त करणारे पुष्कळ आहेत. दुर्बिणीचं पोट फाडून ते पुन्हा शिवणारा मात्र जळगावपासून साक्रीपर्यंत मी एकटाच. आता हे मी सांगतोय म्हणून खरं मानू नका. आमच्या गल्लीत माझ्या बोलण्यातून निम्मं वजा करायचा रिवाजच आहे. मी दुरुस्त केलेलं एक घड्याळ इतकं चोख चालायला लागलं की ते उद्याची वेळ आजच दाखवायचं आणि मालकानं घाबरून ते परत आणलं, हे मी पन्नास वेळा सांगितलंय. पन्नासही वेळा मालक वेगळ्या गावचा होता. पण आता जे लिहितोय, त्यात वजा करण्यासारखं काही ठेवलेलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात साक्रीकडच्या एका खेड्यातून एक म्हातारी दुकानात आली. ऐंशी ओलांडलेली, हरभऱ्याच्या वाळल्या डहाळीसारखी. सोबत साठीचा पुतण्या. तिनं पिशवीतून फडकं काढलं आणि फडक्यातून दुर्बीण. महायुद्धातली, इंग्रजांच्या फौजेची. पितळी अंगावर काळं चामडं, बाजूला सरकारी बाणाची खूण आणि लढाईतलं साल. मी ती डोळ्याला लावली. आत नुसतं धुकं. काचांवर बुरशीनं जाळं विणलेलं, मधला स्क्रू जाम, आणि दोन्ही नळ्या भांडण झालेल्या जावांसारख्या वेगवेगळ्या दिशांना बघणाऱ्या.

"मना बापनी शे," ती म्हणाली.

बाप ब्रह्मदेशच्या लढाईवर गेला तेव्हा ती आईच्या पोटात होती. तो परत आला नाही. फोटो नाही, पत्रं वाळवीनं खाल्ली. ही दुर्बीण त्याच्या पलटणीतल्या कुणीतरी घरी आणून दिली, असं तिची आई सांगायची.

"भाऊ, आमच्या घरात सगळ्यांना माहितीये," पुतण्या सुपारी चघळत तिच्या तोंडावर म्हणाला. "ही भंगारबाजारातली वस्तू आहे. अक्का लहानपणी बाप कुठे, बाप कुठे म्हणून रडायची. तिला गप्प करायला तिच्या आईनं आणली."

"याना तोंडले लगाम नही," अक्का म्हणाली आणि काउंटरवर झुकली. "चामडं काढशी ना तू? त्यानाखाले मना बापनी फौजना नंबर कोरेल शे. चोरी व्हवाले नको म्हनीसन. मनी मायनी सांगेल शे."

आजवर तिनं कुणालाही ते चामडं उचलू दिलं नव्हतं. फाटेल म्हणून, असं ती म्हणाली. खाली काही निघालंच नाही तर, ही भीती ती बोलली नाही.

"मग नंबर सांगा ना अक्का. ताडून बघतो."

"वा रे वा! तू कसा शे ते बठ्ठा धुळाले ठाऊक शे. मी सांगाव नही. माले पाठ शे, माय पेन्शनना कागदवर अंगठा दे तवय म्हने. तू देख आनि माले सांग. मंग मी बठ्ठा घरले सांगसू." तिनं पुतण्याकडे हनुवटी केली. पुतण्या बाहेर थुंकायला गेला.

मी शब्द दिला. दुरुस्त दुर्बीण स्वतः गावी आणून देईन, असंही वर सांगितलं.

काम तीन आठवडे चाललं. वाळलेलं ग्रीस दगड झालं होतं. ते रॉकेलच्या थेंबाथेंबानं सोडवलं. काचेचे लोलक एकेक काढून, कुठला कुठे बसतो ते कागदावर चितारून, बुरशी धुतली. मग चामड्याला ओल्या कापडाची वाफ दिली आणि पातळ पात्यानं ते सोलायला घेतलं. डाव्या नळीवरचं सोललं. खाली स्वच्छ पितळ, कोरा कागद. उजवीकडचं सोललं तर खाली हिरव्या कळंकाचा जाड थर. काही असलंच तर त्या थराखाली होतं.

त्याच वेळी शेजारचे रफूवाले चाचा चहा घेऊन आले. चाचा म्हणजे माझं हक्काचं गिऱ्हाईक. कपडे रफू करून त्यांचा जीव कंटाळतो आणि मग ते माझ्याकडे फाटक्या गोष्टी ऐकायला येतात.

"मियाँ, इस दूरबीन से कितना दूर का दिखता है?" त्यांनी विचारलं.

झालं. मला कुणी असं विचारावं आणि मी गप्प बसावं? अशाच एका दुर्बिणीतून मी आमच्या गच्चीवरून नरडाण्याचं स्टेशन पाहिलं, फलाटावरच्या तिकीटतपासनीसाच्या मिशा मोजल्या, त्यातला एक केस पांढरा निघाला, तो त्याला फोन करून कळवला, त्यानं तो तिथल्या तिथे उपटला आणि मला इकडे शिंक आली. चाचा हसता हसता चहा सांडत होते. आणि तोंड चालू असलं की माझे हात आपोआप चालतात. चाळीस वर्षांची सवय. पितळेवर कळंक दिसला की चिंचेचा कोळ, मग बारीक पॉलिश पेपर, मग पावडर. गिऱ्हाइकाला पितळ सोन्यासारखं लखलखीत करून द्यायचं, ही माझी बढाई.

गोष्ट संपली तेव्हा उजवी नळी आरशासारखी झाली होती. तिच्यात मला माझं तोंड दिसलं, उघडंच राहिलेलं.

"चाचा, इथे काही कोरलेलं होतं का? घासताना तुम्हाला दिसलं?"

"मी तुझं तोंड बघत होतो," चाचा म्हणाले. "हात कोण बघतो?"

भिंग लावून पाहिलं. उन्हात तिरकी धरून पाहिली. नखानं चाचपली. खिळ्यानं ओढलेल्या उथळ रेघा असल्या तर पॉलिश पेपरपुढे टिकल्या नसत्या. नसल्या तर नव्हत्याच. आता ते मला कळणार नव्हतं, आणि जगातल्या कुणालाच कळणार नव्हतं.

साक्रीच्या एसटीत मी वाटभर एक खोटं घडवत बसलो. आकडा सांगायचा नाही. आकडा सांगितला की पकडलो गेलो. नंबर होता, पण गंजानं इतका खाल्ला की वाचता आला नाही, एवढंच म्हणायचं. त्यात अक्काचा बापही राहतो आणि माझी अब्रूही. फार सुरेख खोटं होतं. आयुष्यात इतकं नेमकं मी कधी बोललो नव्हतो.

अक्का ओसरीत बाजेवर होती. दुकानात आली होती त्यापेक्षा खूपच उतरलेली. पुतण्या दारात उभा. मी दुर्बीण तिच्या हातात दिली. तिनं ती डोळ्याला लावलीच नाही.

"व्हता?"

"होता अक्का. पण गंजानं खाल्लाय. वाचता येत नाही."

तिनं डोळे मिटले. पुतण्याची सुपारी गालातच थांबली. मला तिथेच थांबायला हवं होतं.

"कसा व्हता रे?" ती हळूच म्हणाली. "माले सांग ना. कसा काढेल व्हता?"

इतक्या गोडीनं मला आजवर कुणी गोष्ट मागितली नव्हती. आणि मी वाहवलो. "काय सांगू अक्का! एका ओळीत, ठसठशीत इंग्रजी आकडे. छापल्यासारखे. फौजेतल्या माणसाचा हात तो!"

अक्कानं डोळे उघडले.

"इंग्रजी?"

"हो."

"मना बापले इंग्रजी आकडा येत नव्हतात. मायले त्यानी मराठी आकडा शिकाडेल व्हतात, भिंतवर कोयसाघाई लिखीसन. तेच येत त्याले." तिनं दुर्बीण मांडीवर ठेवली. "म्हनजे दुसराना नंबर शे."

"मी काय म्हणत होतो?" पुतण्या म्हणाला. पण त्याचाही आवाज मोठा नव्हता.

मग मी सगळं सांगितलं. कळंक, चिंच, पॉलिश पेपर, चाचा, मिशांची गोष्ट. नंबर असेलही, मराठीतच असेल, मीच बोलण्याच्या नादात घासून टाकला. इंग्रजी आकडे मी बनवले. शपथ घेतली. तिच्या पायाला हात लावला. त्या ओसरीत मी जितकं खरं बोललो, तितकं जन्मात बोललो नसेन.

अक्का हसली. माझ्या कुठल्याच गोष्टीला कुणी असं हसलेलं नाही.

"माले बरं वाटाले पाहिजे म्हनीसन खोटं बोलू नको, भाऊ," ती म्हणाली. "तू जे देखेल व्हतं ते पहिलेच सांगेल शे. चांगलं करेल शे."

"अक्का, देवाशपथ—"

"लई जाय हाई. कोन्या तरी पोरना बापनी शे. तो सापडी तर त्याले दि टाक."

मी हात पुढे केला नाही. तिनं थोडी वाट पाहिली. मग दुर्बीण मांडीवर उलटी करून पदराच्या टोकानं चारही काचा सावकाश पुसल्या, दुसऱ्याची वस्तू परत करताना पुसतात तशा, आणि ती पुतण्याकडे दिली. त्यानं ती माझ्या पिशवीत ठेवली.