ड्रायव्हर केलेली पोर

स्पेलिंगच्या खेळांचा विषय निघाला की कुणीतरी मोबाईल पुढे करतं. "टीचर, ह्या तुम्हीच ना?" होय बाबा, मीच. कमरेला ओढणी गुंडाळून, तोंडात शिट्टी धरून, पेडण्याच्या एका मराठी शाळेत कंडक्टर झालेली ती मीच. त्या व्हिडिओपायी मला शाल मिळाली, नारळ मिळाला, शिक्षकांच्या शिबिरात भाषण ठोकायला मिळालं. कौतुक कसलं डोंबलाचं!

खेळ माझाच होता, ते काही खोटं नाही. पहिली-दुसरीची मुलं माझ्याकडे एकाच वर्गात. फळ्यावर स्पेलिंग लिहून घोकायला लावलं की सगळी जनेलातून बाहेर बघायची. आणि सुट्टी झाली की तीच पोरं दाराला लटकून "म्हापसा म्हापसा म्हापसा! चल चल, फुडे चल!" असं खऱ्या कंडक्टरलाही लाजवील असं ओरडायची. म्हटलं, मग बसच काढू या. बाकं एकामागे एक लावली. दाराशी स्टॉप. मी चित्र दाखवायचं, मुलाने स्पेलिंग सांगायचं. बरोबर आलं की तिकीट आणि बसमध्ये जागा. चुकलं तर स्टॉपवर थांब, मागून दुसरी येतेय. शिट्टी वाजली की बसल्या जागी उड्या मारत कोलवाळचा पूल ओलांडायचा. हसून हसून पोट दुखायचं सगळ्यांचं. आणि शिकली हो मुलं, भराभर शिकली.

एक सोडून. कोल्हापूरकडून हायवेच्या कामावर आलेल्या जोडप्याची ती मुलगी. पत्र्याच्या खोल्यांतून चालत यायची. शाळेत उशिरा आली होती, तिला ए आणि ई यांतला फरकही नीट कळत नव्हता. स्टॉपवर रोज शेवटी तीच उरायची. बस सुटली की ती हसून टाटा करायची. मला वाटायचं, खेळतेय की पोर! डोळे फुटले होते मेले माझे. मजा होती ती बसमध्ये बसलेल्यांची.

दिवाळीनंतर मी तिला मधल्या सुट्टीत घेऊन बसू लागले. शब्द एकच, फिश. पुठ्ठ्याचे चार तुकडे कापले, त्यांवर एफ, आय, एस, एच. ती मांडायची, मोडायची, परत मांडायची. एका शुक्रवारी पुठ्ठ्यांकडे न बघता तिने चारही अक्षरं सलग म्हटली. पुन्हा म्हटली. मग अंगणभर म्हणत पळत सुटली. धापा टाकत परत आली आणि म्हणाली, "टीचर, सोमवारी मी बसमधी?"

"सोमवारी पहिल्यांदा तुलाच विचारणार," मी म्हटलं.

सोमवारी शाळेत पाऊल टाकते तोच हेडबाईंनी सांगितलं, वरच्या ऑफिसातली माणसं खेळाचं शूटिंग करायला येणार. मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "अगो, त्या चेडवाक आज फुडे हाडू नको हां. अडाकला तर? व्हिडिओ वर जातलो."

त्या मुलीला पुढे आणू नकोस, एवढंच त्यांचं म्हणणं. "येतं तिला," एवढंच माझं उत्तर असायला हवं होतं. पण डिचोलीला, माझ्या घराजवळ, बदली व्हावी म्हणून माझा अर्ज त्याच ऑफिसात पडून होता. हेडबाईंना कशाला बोल लावू? पोरीवर विश्वास माझाही नव्हता. मी शक्कल लढवली. माझी कदेल, म्हणजे खुर्ची, फळ्याकडे तोंड करून ठेवली, पोरीला तिच्यावर बसवलं आणि स्टिअरिंग म्हणून हातात जेवणाचं ताट दिलं. "आज तू ड्रायव्हर. ड्रायव्हरला स्पेलिंग विचारत नाहीत."

"पर मला येतं की."

"उद्या, बाय. उद्या विचारते."

शूटिंग झकास चाललं होतं. एका मुलाला माशाचं चित्र आलं आणि तो नेमका अडला. रोज दोन वेळा मासे खाणारा पेडण्याचा पोरगा, पण अडला. तेवढ्यात मागून आवाज आला, "एफ! आय! एस..." ती कदेलीवर उभी राहून, आमच्याकडे वळून ओरडत होती. तोंड नुसतं फुललं होतं तिचं.

"गप्प बस गो! ड्रायव्हर मध्येच बोलतो काय?" मी खेकसले.

ती खाली बसली, वळली आणि तिने ताट धरलं. त्या मुलाला मी ओठ हलवून अक्षरं सुचवली, तिकीट दिलं. माझं खेकसणं त्या लोकांनी व्हिडिओतून कापलं. राहिली ती तिची पाठ आणि लाल रिबिनीच्या दोन वेण्या.

दुसऱ्या दिवशी पहिल्यांदा तिलाच विचारलं. माशाचं चित्र धरलं. "येतं ना तुला?" तिने नाही म्हणून मान हलवली. पुठ्ठे पुढे ठेवले, तर हात लावीना. रागावून झालं, लाडीगोडी झाली, चॉकलेट देऊन झालं. माझ्यासमोर तिने स्पेलिंगसाठी पुन्हा तोंड उघडलं नाही. आणि इकडे माझी बदली मंजूर झाली, जूनपासून डिचोलीला. शेळी जाते जिवानिशी, खाणारा म्हणतो वातड, तशातली गत.

शिमगा झाल्यावर हायवेचं काम पुढे सरकलं आणि तिची आई शाळेचा दाखला न्यायला आली. काच तडकलेल्या मोबाईलवर तिने मला तोच व्हिडिओ लावून दाखवला. "गावाकडं समद्यांस्नी दावला बघा, बाई. एवढी पोरं हाईत, पर तुमी आमच्याच पोरीला डायवर केलासा. समद्यांच्या म्होरं बसवलीसा. लई उपकार झालं." आणि ती माझ्या पायाशी वाकली.

मुलगी तिच्या मागे उभी होती. माझ्याकडेच बघत होती. मी आता काय बोलते, याची वाट बघत होती. खरं सांगायला एक मिनिट पुरलं असतं.

"हुशार आहे हो तुमची मुलगी," मी म्हटलं.

तिने आईचा पदर ओढला. "चल की आये," ती म्हणाली.