तोंडाला हात लावू नको

लेकीच्या साखरपुड्यात फोटोवाला मला म्हणाला, "आजी, जरा मागं सरका, नवरीच्या आईला पुढं येऊ द्या." नवरीची आई मीच होते. शेजारी विहीणबाई उभ्या, माझ्याच वयाच्या, पण पुण्यात पंख्याखाली राहिलेल्या. मी निमगाव सावाच्या उन्हात तीस वर्षं कांदे काढले, टोमॅटो तोडले. तोंडाची वाळवलेल्या कैरीगत आंबोशी झाली तर नवल काय? पण फिदीफिदी हसले ते माझेच नातेवाईक. मेल्यांनो, तुमची तोंडं काय लोण्याची आहेत का?

लेकीला लाज वाटली. माझ्यासाठी नव्हे, माझी. ते मला तिथंच कळलं, पण गिळलं. आठवड्यानं तिचा फोन आला, "मम्मी, सुरकुत्यांवर इंजेक्शन देतात आता. लग्नाआधी करून घेऊ." मी म्हटलं, "मला काय बोहल्यावर चढायचंय?" आणि तरी गेले. माझीच अक्कल गहाण पडली होती.

पुण्यातला तो दवाखाना नुसता थंडगार. डॉक्टरीणबाईंनी मला कपाळाला आठ्या घालायला लावल्या आणि पेनानं टिंबं काढली. मग भुवयांच्या मधे, कपाळावर, डोळ्यांच्या कडेला बारीक सुया टोचल्या. मुंगी चावावी तेवढंच दुखलं. दहा मिनिटांत काम झालं. आज काही दिसणार नाही म्हणाल्या, चार-पाच दिवसांनी फरक पडेल, पुरता पंधरा दिवसांनी. डोकं दुखेल, कुठं काळंनिळं होईल, एखादीची पापणी जड होते, तसं झालं तर लगेच या.

"आणि मग कायमचं जातं ना?"

"नाही हो काकू, तीन-चार महिन्यांनी सुरकुत्या परत येतात. पुन्हा घ्यायचं."

हात्तिच्या! एवढं सोसायचं ते चार महिन्यांसाठी!

निघताना त्यांनी बजावलं, चार तास आडवं व्हायचं नाही आणि आजचा दिवस चेहरा चोळायचा नाही, औषध सरकतं. हे मात्र मी पदराला गाठ मारून ठेवलं.

परतताना कळंबला माहेरी उतरले. आईला अंधूक दिसतं आणि हल्ली विसरतेही फार. पण मी गेले की तिची एक रीत ठरलेली. दोन्ही तळवे माझ्या कपाळावरून, गालांवरून दाबून फिरवायची आणि स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडायची. माझी इडापिडा तिच्या डोक्यावर. पन्नाशी उलटली तरी त्याशिवाय मला माहेरी आल्यासारखं वाटत नसे.

त्या दिवशीही ती हात पुढं करून आली. मी तिची मनगटं धरली. धरली कसली, झटकली.

"आई, तोंडाला हात लावू नको! औषध हाय."

ती दचकली. हात लुगड्याला पुसत म्हणाली, "लई दुखतंय का गं बाय?"

"न्हाई गं. तू हात नको लावू, बस."

'आजचा दिवस' एवढं म्हणाले असते तर माझी जीभ झडली असती का?

लग्नात कपाळ गुळगुळीत होतं. विहीणबाईंनी दोनदा वळून पाहिलं, लेक खूश झाली. पाठवणीला मी ढसाढसा रडले, तर जाऊ मागं कुजबुजली, "लेक चालली तरी हिच्या कपाळाला आठी नाय." आईनं मला ओवाळल्यासारखे हात हवेतच फिरवले, चार बोटं लांबून, आणि बोटं मोडली. वाटलं, चला, मांडव आवरला की बघू.

चार महिन्यांत आठ्या परत आल्या. डॉक्टरीणबाई खोटं बोलल्या नव्हत्या. मी कळंबला गेले. आईनं विचारलं, "नातीचं लगीन ठरलं का?" लग्न ती साफ विसरली होती. मी तिच्यासमोर बसले, तिचे दोन्ही हात धरले आणि माझ्या तोंडाकडे नेले. तिनं ते जोरानं मागं ओढले.

"नगं बाय. तुझ्या तोंडाला औषध हाय."

"संपलं गं ते औषध, आई. लाव हात."

"तरी बी नगं," ती म्हणाली, आणि हात पदराखाली घेऊन बसली.