दयाळ, बुलबुल आणि बागेचं फाटक

बाबांची कोलकात्याला बदली झाल्यापासून आम्ही जवळच्या बराकपूरला राहतो. कॉलनीच्या बागेला कुलूप लावायचं की नाही, हे रविवारच्या सभेत ठरणार होतं. मागच्या वस्तीतल्या बायका संध्याकाळी मुलं घेऊन तिथे बसत. कुलूप लागलं की ते बंद.

बाबा बँकेच्या युनियनची पत्रकं घरी आणत, मी तीच वाचत मोठी झाले. त्यामुळे पत्रक काढणं आलंच. 'दयाळ पक्षी अँटेनावरून सगळ्यांसाठी गातो, त्याच्या गाण्याला फाटक नाही,' असं हिंदी-बांग्लात छापून घरोघर वाटलं.

वाटून झाल्यावर आईने चहा गाळता गाळता ते वाचलं. "अगं, सगळ्यांसाठी कुठला? दुसरा नर आला की अंगावर धावतो. तो ओरडून सांगतो, ही हद्द माझी!"

"मग आधी नाही का सांगायचंस?"

"दाखवलंस कधी?"

मी खिडकीत जाऊन बसले. खरंच, काळा-पांढरा दयाळ शेपूट उभारून सुंदर गायचा आणि दुसरा दिसला की तान अर्धवट टाकून त्याच्यामागे लागायचा. उंबरावर मात्र पाच-सहा बुलबुल, काळी शेंडी, शेपटीखाली लाल, एकत्र फळं खात होते. गळा साधाच. दोघांची कुळंच वेगळी. मग माझ्या पत्रकात बुलबुल हवा होता का? तेवढ्यात त्यांच्यातली एक जोडी घरट्यापाशी आलेल्या तिसऱ्यावर तुटून पडली. मला काहीच कळेना.

सभेत सेक्रेटरी पत्रक हलवत उठले. बाबांच्या वयाचे बंगाली गृहस्थ, मला लाडाने 'मा' म्हणतात आणि दयाळला 'दोयेल'. "मा, तुझा दोयेलसुद्धा परक्याला आत घेत नाही. आम्ही वेगळं काय म्हणतोय?"

सगळे हसले. मी उभी राहिले.

"पक्ष्यांचं मला कळत नाही," मी म्हटलं. "पण त्या बायकांनी बसायचं कुठे, ते सांगा."

मग शेजारच्या मासीमा वैतागून म्हणाल्या, "रात्री लावा की कुलूप. संध्याकाळी त्या कुणाचं काय खातात?"

तेच मंजूर झालं. परतताना आई म्हणाली, "जिंकलीस." मी हो म्हटलं नाही. पत्रकात मी कुठल्याच कुलपाला जागा ठेवली नव्हती, आणि वर झालेल्या हातांत माझाही होता.