वहिनींचं तिसरं मत

आमच्या वहिनींपुढे कागद सरकवून कुणी "नुसती सही करा" म्हणालं, की त्या आधी पेनाचं टोपण लावून टाकायच्या. मग चष्मा काढून पदराने पुसायच्या, पुन्हा डोळ्यांवर चढवायच्या आणि म्हणायच्या, "नुसतं काय नसतं, बाबा. वाच तू, मी ऐकते." समोर सीए असो, बँकेचा साहेब असो, नाहीतर पोटचा पोरगा. वहिनींना वाचता येत नव्हतं असं नाही, चांगलं येत होतं. पण ज्याने कागद आणला त्यानेच तो मोठ्याने वाचायचा आणि इंग्रजी असला तर मराठीत सांगायचा, हा त्यांचा कायदा. "खोटं लिवताना हात अडत न्हाई, पण वाचताना जीभ अडती," असं त्या म्हणायच्या, आणि खोटं कशाला सांगू, त्यांच्यासमोर भल्याभल्यांची जीभ अडखळलेली मी पाहिली आहे.

मी लग्न होऊन लातूरहून निगडीला आले आणि भोसरीतल्या त्यांच्या प्रेस शॉपमध्ये नोकरीला लागले. गाड्यांचे पत्र्याचे सुटे भाग बनायचे तिथे. माझं काम ऑफिसात बसून चलनं काढायचं. मालक दोघं. एक दादा, म्हणजे वहिनींचे यजमान. गावचे जुने शेतकरी, त्यामुळे जागा त्यांची, ओळखी त्यांच्या. दुसरे रहीमभाई. ते डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारे साचे, बनवायचे, आणि त्यांचा हात लागल्याशिवाय प्रेसमधून धड माल पडत नसे. हिस्सा निम्मा-निम्मा. कंपनी प्रायव्हेट लिमिटेड करताना सीए म्हणाला, दोघांचं भांडण झालं तर गाडा अडेल, तिसरं मत ठेवा. दादांच्या मनात त्यांचा चुलतभाऊ होता. रहीमभाई म्हणाले, "भाभींना घ्या. त्या मलाही बोलतात, तुम्हालाही बोलतात." दोघं हसले आणि वहिनी डायरेक्टर झाल्या.

अशा डायरेक्टर बायका आमच्या पट्ट्यात गल्लोगल्ली सापडतील. नाव कंपनीच्या कागदावर आणि हात पिठात. वहिनींनाही सगळ्यांनी तेच समजलं होतं. पण त्या पहिल्याच मीटिंगला इरकल नेसून, डबा घेऊन हजर! दोघं मालक मोठ्या ऑर्डरबद्दल बोलत होते. ते बोलून दमले तेव्हा वहिनींनी विचारलं, "ही लातूरकर पोरगी दिवसभर हितं बसती. बायकांचा संडास कुठं हाय?" नव्हताच. दादा म्हणाले, बघू पुढच्या वर्षी. वहिनी म्हणाल्या, "मग बाकीच्या सह्या बी पुढच्या वर्षी." महिन्याभरात संडास बांधून झाला, टाइल्ससकट. तेव्हापासून मी त्या बाईची झाले. त्यांनीही मला नावाने कधी हाक मारली नाही, कायम लातूरकर.

मग दादा-वहिनींचे चिरंजीव शिकून आले. ताथवड्याचं इंजिनिअरिंग, वर आणखी कसलीशी डिग्री. आल्या आल्या त्यांना दिसलं की निम्मा हिस्सा दुसऱ्याचा आहे, आणि ते त्यांच्या डोळ्यांत खुपायला लागलं. चाकणला मोठं काम मिळत होतं, आणि त्यात त्यांना वाटेकरी नको होता. दादा आयुष्यभर सरळ वागलेले, पण पोरापुढे बापाची अक्कल गहाण पडते ती अशी. एक दिवस कंपनीने नवे शेअर काढले आणि सगळे एकट्या दादांच्या नावावर केले. रहीमभाईंचा निम्मा हिस्सा कागदावर पावभर उरला. ज्या माणसाने उमेदीच्या वयापासून त्या प्रेसपाशी हाडं झिजवली, त्याला हे बँकेत गेल्यावर कळलं, तेही मॅनेजरच्या तोंडून. रहीमभाई ओरडले नाहीत. हात धुतले, टोपी घातली आणि वकिलाकडे गेले.

केस मुंबईला कंपन्यांच्या कोर्टात उभी राहिली. तिथे सगळं एका मीटिंगवर येऊन अडलं. मीटिंगला निदान दोन डायरेक्टर हजर लागतात. रहीमभाई तर नव्हते. कागदावर लिहिलं होतं, दादा आणि वहिनी हजर होते आणि दोघांनी ठराव मंजूर केला. म्हणजे वहिनी 'मी होते' म्हणाल्या की रहीमभाई संपले. इतकी सरळ गोष्ट होती.

पिंपरीत दादांच्या वकिलाच्या ऑफिसात आम्ही गेलो. दादा, चिरंजीव, वहिनी, आणि फायलींचं गाठोडं उचलायला मी. वकिलाने प्रतिज्ञापत्र पुढे केलं. "वहिनी, नुसती सही करायची आहे."

झालं. टोपण बंद. "वाचा."

वकील वाचायला लागला. अमुक तारखेला सकाळी अकरा वाजता मी कंपनीच्या कार्यालयात उपस्थित होते, वगैरे. वहिनींनी हात वर केला. "तारीख परत सांगा." त्याने सांगितली. वहिनी दादांकडे वळल्या. "अवो, भैरवनाथाची यात्रा व्हती की त्या दिवशी."

वकिलाने दादांकडे पाहिलं, दादांनी चिरंजीवांकडे. सीए बिचारा पुण्याचा. त्याने आपला कॅलेंडरवरचा एक मोकळा वार बघून न झालेल्या मीटिंगची तारीख टाकलेली. त्याला काय ठाऊक की यात्रेच्या दिवशी आमच्या गावात पानाची टपरीसुद्धा उघडत नाही! आणि चिरंजीवांनी ते तपासलं नाही, कारण यात्रा वगैरे त्यांच्या लेखी मागासलेपणा.

"कंपनीला कुलूप व्हतं," वहिनी म्हणाल्या. "मी घरी पुरणाचा घाट घातलावता. आन् तुमी फेटा बांधून आखाड्यात कुस्त्या लावत व्हता. शेजारी कोण उभं व्हतं? रहीमभाई. दोघांनी मिळून पैलवानाला गदा दिली. ज्याच्या हातात हात घालून गदा दिली, त्याचाच गळा त्याच टायमाला हितं कापला म्हणून लिवलंय. गावातलं कुत्रं तरी खरं मानंल का?"

वकील म्हणाला, "ही नुसती तांत्रिक बाब आहे हो."

"मंग तुमच्या मंडळींची सही घ्या," वहिनी म्हणाल्या आणि उठल्या.

चिरंजीव दारापर्यंत मागे आले. "आई, तू नक्की कुणाच्या बाजूने आहेस?" वहिनी चपला घालत म्हणाल्या, "बाजू कसली रं? मी तिथं नव्हते, येवढंच हाय."

त्यांनी मग रहीमभाईंच्या वकिलाकडे जाऊन खरं काय ते लिहून दिलं. तिथेही टोपण बंद, तिथेही "वाचा." त्या वकिलाने हुरूप येऊन दादांना लबाड, कपटी असं काय काय घातलं होतं. वहिनींनी ते सगळं खोडायला लावलं. "माझा नवरा लबाड न्हाई. त्यानं लबाडीचं एक काम केलंय, तेवढंच लिवा." वकील कपाळाला हात लावून बसला, पण खोडलं.

भावकी तुटून पडली. नवऱ्याच्या विरोधात साक्ष देणारी बाई, वरून दुसऱ्या धर्माच्या माणसासाठी! जावा हळदीकुंकवाला बोलवेनात. वहिनी न बोलावता गेल्या, पाटावर बसल्या आणि म्हणाल्या, "लावा कुंकू. नवरा जित्ता हाय माझा." दादांनी मात्र अबोला धरला. एका घरात राहायचं, तिच्याच हातचं जेवायचं आणि बोलायचं नाही. मग ऑफिसात मला फोन. "लातूरकर, घरी सांग, उद्या पाहुणे हायत." मी घरी फोन करायची. वहिनी म्हणायच्या, "सांग त्यांला, गोडाचं काय करू?" पगार चलनांचा आणि काम नवरा-बायकोच्या टपालाचं! वर्षानुवर्षं चाललं हे. मी एकदा वैतागून विचारलं, "वहिनी, जड नाही जात?" त्या म्हणाल्या, "जातं की. लई जातं. पण म्हणून काय खोटं बोलू?" आणि डोळे पुसून पोळ्या लाटायला लागल्या.

कोर्टाने ते शेअर रद्द केले. रहीमभाईंचा निम्मा हिस्सा त्यांना परत मिळाला. पुढे वाटणी झाली, भोसरीचं शॉप रहीमभाईंना आणि चाकणचं नवं काम दादांना. मीही दादांबरोबर चाकणला आले. नव्या कंपनीचे कागद करताना डायरेक्टर म्हणून दादा आणि चिरंजीव अशी नावं झाली. तिसरं नाव काय घालू, असं मी विचारलं. दादा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तिचंच घाल." मी नुसती बघत राहिले. दादा चिडून म्हणाले, "बघती काय? भांडण झालं तर तिसरं मत लागतंय."

वहिनींना जाऊन आता वर्ष होत आलं. त्यांची आठवण निघाली की मला चाकणची ती शेवटची मीटिंग दिसते.

चिरंजीवांना बाहेरचा कुणी पैसेवाला भेटला होता. पुन्हा नवे शेअर निघणार, ते चिरंजीव आणि तो पैसेवाला घेणार, दादांचा हिस्सा चिमूटभर उरणार आणि दादा होणार 'मार्गदर्शक'. पोरगं हे कुणाकडून शिकलं ते मी काय सांगू! दादांचा विरोध, चिरंजीवांचा आग्रह, म्हणजे पुन्हा सगळं वहिनींवर आलं. दादा माझ्याकडे वळून म्हणाले, "तिला सांग..." आणि पुढे त्यांना बोलवेना. काय तोंडाने सांगणार होते?

"आई, नुसती सही," चिरंजीव म्हणाले.

टोपण बंद. "वाच."

चिरंजीव वाचायला लागले. 'अध्यक्षांच्या पूर्ण संमतीने' इथे आले आणि जीभ अडकली. अध्यक्ष म्हणजे बाप, आणि तो समोरच बसला होता.

"माझं मत न्हाई म्हणून लिव," वहिनी म्हणाल्या.

चिरंजीव उसळले. "ज्या माणसाने इतकी वर्षं तुझ्याशी बोलणं टाकलं, त्याच्यासाठी?"

"न बोलायचा त्यांला हक्क हाय. त्यांचं हिसकून घ्यायचा तुला न्हाई."

चिरंजीव दार आपटून गेले. मी 'नामंजूर' लिहून कागद वहिनींपुढे ठेवला. दादांनी दोनदा घसा खाकरला. मग माझ्याकडे न बघता, थेट बायकोकडे बघून म्हणाले, "चहा घेती का?"

वहिनींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"नुसता न्हाई घेणार."

दादा गडबडले. "बिस्किटं मागवू?"

"रहीमभाईंना बोलवा. तिघं मिळून घेऊ."

दादांचा चेहरा उतरला. "तो यायचा न्हाई."

"बोलवल्याबिगर कसं कळायचं?"

दादांनी मोबाईल काढला. नंबर कधीच पुसून टाकलेला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला पाठ होता. मी फोन लावला आणि बोलणार, तेवढ्यात वहिनींनी माझा हात धरला. "तू न्हाई, लातूरकर. टपाल बंद झालं आता. त्यांला दे."

दादांनी फोन कानाला लावला. पलीकडून "हॅलो" आलं. दादा म्हणाले, "रहीम, मी बोलतोय." त्यांनी एकदा वहिनींकडे पाहिलं. मग म्हणाले, "चहाला ये."

"भाभी आहेत का तिथं?" रहीमभाईंचा आवाज मला इथपर्यंत ऐकू आला.

"हाय. समोरच बसलीय."

"मग येतो."

तेव्हा कुठे वहिनींनी पेनाचं टोपण उघडलं आणि कागदावर सही केली.